जबड्याची एक बाजू दुखते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवी शिकलेली संसारी बाई. चारचौघींसमोर उभे राहून बोलायची मला सवय नाही. पण गेल्या हळदीकुंकवाला तिघीचौघींनी मला बाजूला घेऊन विचारले, "तुमच्या जबड्याचे दुखणे कशाने हो बरे झाले?" एकीला सांगितले, दुसरीला सांगितले. तेव्हा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, एकदा सगळ्यांसमोरच सांगा. म्हणून हे चार शब्द लिहून आणले आहेत. त्यात एक गोष्ट अशी आहे, की ती मी तेव्हा त्यांच्यापासून लपवली होती. ती आज सांगणार आहे.

२०२३ च्या दिवाळीनंतर माझा उजवा जबडा दुखू लागला. सकाळी उठले की कानापुढे ठणका. भाकरीचा पहिला घास चावताना कळ थेट कानशिलात जायची. तोंड उघडताना कानाजवळ कट्‌कन आवाज यायचा. मी समजले, दाढच किडली. आपल्याला जबडा दुखला की दुसरे काही सुचतच नाही.

मग घरगुती इलाज सुरू झाले. लवंग दाबून धरली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. एका बाईंनी रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायला सांगितली, म्हणजे दाढेतले किडे गळून पडतात. तीही घेतली. पुढे डॉक्टरीणबाईंकडून कळले, की दातात अळी मुळी नसतेच. गोडधोड दातांत अडकून राहते, त्यावर डोळ्यांना न दिसणारे जंतू आंबट रस करतात आणि त्याने दात झिजून खळगा पडतो. धुरीनंतर वाटीत जे दिसते ते बियांचेच तूस असते.

तरी दुखणे थांबेना. शेवटी एका दवाखान्यात जाऊन मी हट्टाने उजवी दाढ काढवून घेतली. दोष कुणाला देत नाही, हट्ट माझाच होता. दाढ गेली, पैसे गेले, दुखणे मात्र जागच्या जागी राहिले!

थोरली लेक मग ऐकेना. बाभळेश्वरला गाडी बदलून ती मला लोणीला, प्रवरेच्या दंत महाविद्यालयात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण किती शांतपणे विचारले त्यांनी! दुखते कधी? सकाळी की रात्री? चावताना की बसल्या जागी? थंड पाण्याने कळ येते का? मग माझ्या दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून म्हणाल्या, "मावशी, तोंड उघडा, मिटा." माझीच तीन बोटे उभी तोंडात घालायला सांगितली. साधारणपणे तीन मावतात, माझी दोनच मावली. फोटो काढला आणि मग त्यांनी समजावले, ते असे.

कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असतो. दाराच्या बिजागरीसारखा तो फिरतो आणि शिवाय पुढेही सरकतो. दोन हाडांमध्ये कुर्चेची एक लहानशी गादी असते. ती जागची हलली की कट्‌कन वाजते. त्या सांध्यावर आणि त्याच्या स्नायूंवर ताण पडला की दुखणे कानात, कानशिलात, दाढेत, कुठेही जाणवते. माझ्या डाव्या बाजूच्या दाढा दहा वर्षांपूर्वीच गेलेल्या. सगळे चावणे उजवीकडे. त्यात आपला हा उसाचा मुलूख, कांडे दातांनी सोलायची लहानपणापासूनची सवय. आणि तिसरे कारण, रात्री झोपेत मी दात आवळत होते. त्या वर्षी कांद्याने दगा दिला होता, लेकीच्या लग्नाची बोलणी मोडली होती. दिवसा कुणाला बोलले नाही, ते रात्री दात चावून सोसत होते. दात-ओठ खाणे आपण नुसते म्हणतो, ते असे खरे होते.

इलाज साधाच होता. दोन-तीन आठवडे मऊ खायचे, भाकरी दुधात कुस्करून किंवा खिचडी. ऊस, सुपारी, फुटाणे बंद. ऊन पाण्याच्या फडक्याने दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे शेकायचे. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे तोंड फार वासत नाही. घास दोन्ही बाजूंनी चावायचा. काम करताना मधूनमधून आठवण करायची, की ओठ मिटलेले पण दात सुटे. दुखण्याची गोळी डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. रात्री दातांवर बसवायची एक पट्टी मापाने करून दिली आणि पुढे डावीकडे दातही बसवले. दीड महिन्यात मला उतार पडला. बहुतेकांना एवढ्यावरच बरे वाटते, शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

आता ती लपवलेली गोष्ट. तपासताना डॉक्टरीणबाईंनी विचारले, "मावशी, मशेरी लावता?" लेक शेजारी बसली होती. मी म्हटले, "नाही." त्यांनी काही न बोलता उजवा गाल आरशाने बाजूला केला, दिवा धरला आणि लेकीला दाखवले. आत पांढरा चट्टा होता, पुसला तरी न जाणारा. मग मी मान खाली घालून खरे सांगितले. लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मशेरी. आणि जबडा दुखू लागल्यापासून दिवसातून पाच-सहा वेळा, नेमकी त्याच बाजूला, कारण तिने कळ बधिर झाल्यासारखी वाटायची.

चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. जबाब यायला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत मी भाकऱ्या थापल्या, गुरांचे पाहिले, पण माझे मन काही ठिकाणावर नव्हते. लेकीचे लग्न दिसेल ना, एवढेच सारखे मनात. जबाब आला, कर्करोग नाही. पण असे चट्टे काही जणींत पुढे त्या वाटेने जातात, म्हणून मशेरी आजपासून बंद आणि ठरलेल्या तारखेला दाखवायला यायचेच.

सोडणे सोपे नव्हते. पहिले पंधरा दिवस डोके जड, पोट साफ नाही, सगळ्यांवर चिडचिड. बडीशेप चघळली, पाणी पीत राहिले. घरच्यांनी माझा राग मुकाट्याने सोसला, हे सांगायला हवे. चट्टा आता पुष्कळ फिका झाला आहे. तरी मी तपासायला जातेच.

मैत्रिणींनो, मशेरी म्हणजे तव्यावर जाळलेली तंबाखूच. जळली म्हणून तिचे विष जात नाही. सरकारने २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी घातली. पण मशेरी आपल्याच चुलीवर भाजली जाते. तिच्यावर बंदी कोण घालणार? आपणच. आणि दुखण्यावर ती लावली तर दुखणे बरे होत नाही, झाकले जाते.

आता कोणत्या दुखण्याला काय समजावे, ते थोडक्यात सांगते. थंड-गरमाने कळ येते, रात्री ठणकते, एकाच दाताला बोट लावता येते, तर ते बहुधा दाताचे. गाल किंवा गळा सुजला, ताप आला, गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोंड धुताना किंवा वारा लागताच विजेसारखी क्षणभराची कळ येते, ते चेहऱ्याच्या नसेचे. त्याला फिटवर देतात त्यातले औषध लागू पडते, त्यासाठी दात काढू नयेत. जेवायला बसले की जबड्याखाली गोळा फुगतो, तर लाळेच्या नळीत खडा अडकलेला असू शकतो. तोंडातला फोड, चट्टा किंवा गाठ दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर थांबू नये. सुपारी खाणारीचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तिखट झोंबू लागले, तर तेही दाखवावे.

आणि एक विसरू नका. माझ्या मामेसासूबाईंचा डावा जबडा पाण्याची घागर घेऊन चढ चढताना दुखायचा, बसल्या की थांबायचा. सगळ्या म्हणाल्या, दाढ. एके दिवशी दरदरून घाम आला, दम लागला. नगरला, आता अहिल्यानगर म्हणायचे, तातडीने नेले. दुखणे हृदयाचे निघाले. वेळेवर पोहोचल्या म्हणून वाचल्या. श्रमाने जबडा दुखतो, सोबत घाम, धाप, मळमळ किंवा छातीत-पाठीत दाब, तर लवंग शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.

आपण घरातल्या सगळ्यांचे दुखणे पहिल्या दिवशी ओळखतो, फक्त स्वतःचे सहा महिन्यांनी. माझी एवढीच विनंती आहे, की महिन्यातून एकदा आरशासमोर दिवा धरून आपापले तोंड पाहायचे. गाल, हिरड्या, जीभ उचलून तिच्या खाली. दोन मिनिटांचे काम आहे. आणि जिच्या कनवटीला डबी असेल तिने ती आज घरी नेऊ नये. माझी रिकामी डबी मी सोबत आणली आहे, इथे टेबलावर ठेवते. तिच्या शेजारी आणखी ठेवायला पुष्कळ जागा आहे.