दूरस्थ सभासद

२०२० सालीं महामारीमुळें दिल्ली गांठणें दुर्घट झालें, तेव्हां संसदेच्या कांहीं समित्यांच्या अध्यक्षांनीं दूरदृश्य प्रणालीद्वारें बैठका भरविण्याची अनुज्ञा मागितली. ती मिळाली नाहीं. लोकसभेच्या नियमांनीं समितीची बैठक गुप्त ठरविली आहे. सभासदाच्या घरीं पडद्यामागें कोण ऐकत बसला आहे, हें अध्यक्षांस कसें कळावें? आक्षेप पोकळ नव्हे. त्याच वर्षीं ब्रिटनच्या कॉमन्स सभेच्या समित्यांनीं दुरूनच साक्षी घेतल्या. पण तेथें साक्षी बहुधा उघडपणें होतात. मग आपण काय करावें? अडलेल्या सभासदानें आपल्या राज्याच्या विधानभवनांतील बंद दालनांत, अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं बसून भाग घ्यावा. त्यायोगें गुप्तता राखली जाईल, आणि त्याचा मतदारसंघही मुका राहणार नाहीं.