टोपीवाल्याचे वेड



मुलांच्या पुस्तकावर कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे घाटकोपरच्या एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले. आम्ही म्हटले, त्या पुस्तकात आमचा एक माणूस आहे.

लुइस कॅरल यांची ॲलिसची गोष्ट १८६५ साली निघाली. भा. रा. भागवतांनी ती ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने मराठीत आणली. तीत चहाच्या टेबलाशी एक विक्षिप्त टोपीवाला भेटतो. काळाशी त्याचे भांडण झाले आहे, म्हणून त्याच्यापुरते सदा सहाच वाजलेले. कपबशा विसळायलाही फुरसत नाही. टेनिएलच्या चित्रात त्याच्या टोपीला किमतीची चिठ्ठी आहे, साडेदहा शिलिंगांची. मुले हसतात. आम्हीही हसलो.

पुढे दरबारात राजा त्याला टोपी काढ म्हणतो. ती माझी नव्हे, विकायची आहे, असे तो सांगतो. तर राजा चोरीचाच आळ घेतो. तेव्हा तो इतका कापतो की पायांतले जोडे निघून पडतात, आणि आपण गरीब असल्याची विनवणी करतो. इथे आमचे हसू थांबले.

टोपीवाल्यासारखा वेडा, ही इंग्रजी म्हण कॅरलच्या आधीची. टोपीसाठी सशाच्या केसांचा नमदा करताना त्यांना पाऱ्याचे नायट्रेट लावीत. वाफ कारागिरांच्या नाकातोंडात जाई. हात थरथरत, स्वभाव बुजरा आणि चिडका होई. म्हण यातूनच निघाली, हे सर्व अभ्यासक मानीत नाहीत. कथेतला टोपीवाला तर बडबड्या आहे. आक्षेप रास्त आहे. पण रोग खरा होता. अमेरिकेत या धंद्यातला पारा १९४१ साली बंद झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाऱ्याची विषबाधा सरकारला कळविण्याच्या रोगांत घातली.

कायदा होता, तरी भांडुपच्या एका कारखान्यात पाऱ्यावर काम करणारे एक काका आम्ही पाहिले. चहा त्यांच्या बशीतून हिंदकळे. पोरे त्यांना ‘कापरे काका’ म्हणत. आम्ही तेव्हा नवे होतो. आम्हीही म्हणत होतो. त्यांना डॉक्टरकडे न्यावे, हे कुणाला सुचले नाही. एक दिवस काका हिशेब घेऊन गावी गेले.

मुलांना टोपीवाल्याची गोष्ट जरूर वाचून दाखवा, पोटभर हसू द्या. मग एवढेच विचारा, हा माणूस काम कसले करीत होता? आम्ही काकांना ते विचारले नव्हते.