वर्गनायक



‘मॉनिटर’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला. पद्धत मात्र आपल्याकडूनच तिकडे गेली. पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेत. मद्रासमधील एग्मोरच्या अनाथाश्रमाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. त्यांच्या शिक्षकाने ती रीत अशक्य ठरविली, तेव्हा त्यांनी तो वर्ग आठ वर्षांच्या एका मुलाकडे सोपविला. १७९७ मध्ये या प्रयोगाचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. पुढे जोसेफ लँकेस्टरने एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसविली आणि सोबत्याचा मुकादम झाला. बडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा आपला वर्गनायक मला त्याच मुकादमाचा वंशज वाटतो.

तरीही नायक हवाच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोनच शिक्षक मिळतात. पाच इयत्ता दोघांनी कशा सांभाळाव्यात? म्हणून हजेरी, पिण्याचे पाणी, धाकट्यांना वाचून दाखविणे ही कामे मुलांकडे द्यावीत, दर आठवड्यास बदलावीत. शिक्षेचा अधिकार मात्र कोणासही देऊ नये. एरवी हुशार मुलगाच वर्षभर नायक राहतो आणि मागच्या बाकावरचा मागेच राहतो. त्याच्याकडे वर्गाच्या पुस्तकपेटीची किल्ली द्यावी. ग्रंथालयाच्या सभासदांना याचे मर्म वेगळे सांगायला नको. पुस्तक देता-घेताना त्याला निदान त्याचे नाव तरी वाचावेच लागते.