गच्चीवरून ऐकलेली मॅच

ज्याचं बालपण कसबा पेठेत, तांबट आळीच्या शेजारी गेलं, त्याला आवाजाची भीती वाटत नाही. सकाळपासून तांब्यावर हातोडे पडायला लागायचे ते दिवे लागेपर्यंत. अशा ठिकाणची माणसं एकतर मोठ्यानं बोलतात, नाहीतर गप्प बसतात. आमचे अब्बा गप्प बसणारे. ते बुक-बाइंडर होते. दिवसभर खळ, दोरा आणि दाभण. मालक रागावले तरी मान खाली घालून ‘जी’ म्हणायचे, आणि घरी आल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत.

रविवारी मात्र ते सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून मला बसवायचे आणि कँपात, घोरपडीला, खडकीला, जिथं कुठं फुटबॉलची मॅच असेल तिथं न्यायचे. तिथं अब्बा ओरडायचे. हा माणूस एवढ्या मोठ्यानं ओरडू शकतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. रेफ्रीला नावं ठेवायचे, गोलकीपरला सल्ले द्यायचे. शेजारचा अनोळखी माणूस त्यांच्या पाठीवर थाप मारायचा. त्या मैदानांना ना स्टँड होता ना तिकीट. चुन्याच्या रेघेच्या बाहेर उभं राहायचं, एवढाच नियम. लष्करातले जवान, रेल्वेतले खलाशी, दारूगोळा कारखान्यातले कामगार, कँपातले गोवेकर आणि तमिळ कुटुंबांतले लोक असा तो घोळका असायचा. पुण्याला फुटबॉल मुख्यतः छावणीनं दिला. पेठांचा जीव क्रिकेटवर, त्यामुळे आमच्या आळीतून जाणारे अब्बांसारखे दोन-चारच. मी पुढे कविता लिहायला लागलो, त्याचं श्रेय लोक निरनिराळ्या थोरांना देतात. पण चार भाषांतल्या शिव्या एका सुरात कशा बसतात, हे मी त्या चुन्याच्या रेघेवर शिकलो.

माझं आजोळ कोल्हापूरचं, आणि कोल्हापूरची तऱ्हा वेगळी. तिथं फुटबॉल पेठेचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नुसती संघांची नावं नाहीत. बहुतेक संघ तालमींचे आणि मंडळांचे, म्हणजे ज्या कट्ट्यावर माणूस संध्याकाळी बसतो, ज्याच्या गणपतीला वर्गणी देतो, त्याच कट्ट्याचा संघ मैदानात उतरतो. मामूजान रिक्षा चालवायचे. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की दुपारीच रिक्षा उभी करायचे. मी एकदा विचारलं, ‘‘मामू, आजचा धंदा बुडाला की.’’ ते म्हणाले, ‘‘धंदा उद्या बी हाय. मॅच आज हाय.’’ परगावचा पाहुणा दिसला की आधी विचारायचे, कुठल्या पेठेत उतरलाय? त्या पायऱ्यांवर तेवढीच ओळख लागायची.

आठवणीला साखर लावून सांगायचा मोह होतो, पण तसं करणं खोटं होईल. त्या पायऱ्यांवर दगडही यायचे. मामूजानांच्या डाव्या भुवईवर चार टाक्यांची खूण शेवटपर्यंत होती, आणि ती समोरच्या पेठेची भेट होती. हुल्लडबाजीमुळे तिथे सामने थांबले आहेत, मोठा पोलीस बंदोबस्त तर नेहमीचाच. शिव्या आईबहिणीच्या असायच्या, आणि नेमकी तीच मंडळी घरी होती. माझी मामेबहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. संघातल्या अकरा जणांची नावं तिला पाठ, कोण डाव्या पायानं मारतो हेही ठाऊक. पण ती मॅच ऐकायची गच्चीवरून. स्टेडियम गावातच, गर्जना घरापर्यंत यायची. गोल आपला की त्यांचा, हे ती आवाजावरून बिनचूक सांगायची. आम्ही घरी पोचण्याआधी तिला निकाल ठाऊक असायचा. त्या वेळी आम्हाला तिचं कौतुक वाटायचं. ती मैदानात का येत नाही, हा प्रश्न मला तरी पडला नव्हता.

पुण्यात मोठा फुटबॉल आला तो एकविसाव्या शतकात, आणि तो बालेवाडीला आला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते क्रीडासंकुल. २००७ साली पुणे एफसी हा व्यावसायिक संघ निघाला, पुढे आय-लीगमध्ये खेळला, २०१२-१३ च्या मोसमात दुसरा आला. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी आला. पहिल्याच मोसमात डेव्हिड त्रेझेगे, १९९८ चा विश्वविजेता, पुण्याच्या संघातून खेळला. अब्बा असते तर त्यांनी दोन दिवस आधी सायकलला तेल घातलं असतं.

मी माझ्या मुलीला घेऊन गेलो. तोवर मीही बदललो होतो. बीए झालो, बँकेत लागलो, चाळीशी ओलांडली. छपराखालची तिकिटं काढली. आजूबाजूला आयटी कंपन्यांतले तरुण, ईशान्य भारतातले विद्यार्थी, मल्याळी, बंगाली, गोवेकर मुलं, आणि लेकरांना घेऊन आलेली जोडपी. ‘ऑरेंज आर्मी’ नावाचा समर्थकांचा गट ढोल वाजवत होता. शिव्या अगदीच नव्हत्या असं नाही, पण बापाला लाज वाटावी अशा नव्हत्या. माझी मुलगी गालावर रंग लावून नव्वद मिनिटं ओरडत होती. तिच्या मागं कोणी वळून पाहत नव्हतं. मला गच्ची आठवली. जुन्या प्रेक्षकांच्या नावानं गळा काढणाऱ्यांनी एवढं तरी कबूल करावं, की त्या जुन्या गर्दीत अर्धं जग नव्हतंच.

मग वाईट काय वाटलं? आमच्या आळीतली मुलं तिथं नव्हती. नदीकाठच्या मोकळ्या जागेत अंधार पडेपर्यंत फुटबॉल खेळणारी मुलं, अंगात मेस्सी-रोनाल्डोच्या नावांचे फुटपाथवरून घेतलेले स्वस्त टी-शर्ट. भाच्याला विचारलं, का रे येत नाहीस? त्यानं हिशेब मांडला. तिकीट, मनपावरून बस, आत पाणी आणि वडा विकत, मॅच संपायला रात्रीचे दहा, परतीला बस मिळाली नाही तर रिक्षा. ‘‘मामू, टीव्हीवर जवळनं दिसतं,’’ म्हणाला. त्याला कोणी हाकललं नव्हतं. बारा-चौदा किलोमीटर लांब एक दार उघडं ठेवलं होतं, एवढंच.

विलायतेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्यानं पाहण्याच्या जागेत चेंगराचेंगरी झाली, ९७ जीव गेले. चौकशी करणाऱ्या लॉर्ड टेलर यांनी मोठ्या मैदानांत सगळीकडे खुर्च्या घाला म्हणून सांगितलं. उभ्यानं पाहणाऱ्याच्या खिशाला परवडतील अशा काही खुर्च्या ठेवता येतील, असंही त्यांनी लिहिलं होतं. खुर्च्या आल्या, १९९२ ला प्रीमियर लीग आली, आणि दर मात्र चढत गेले. मैदानं सुरक्षित झाली, बायका-मुलं येऊ लागली, आणि गिरणी-गोदीतल्या बापांची पोरं पबमधल्या टीव्हीसमोर जाऊन बसली. जर्मनीत डॉर्टमुंडच्या मैदानावर आजही सुमारे २५ हजार लोक उभ्यानं, स्वस्त तिकिटात मॅच पाहतात. म्हणजे सुरक्षित आणि स्वस्त यांचं मुळातच वैर आहे, असं नाही.

पुण्याची गोष्ट तर अर्ध्यावरच राहिली. पुणे एफसी २०१५ ला बंद पडला, पुणे सिटी २०१९ ला, आणि त्या जागी हैदराबादचा संघ आला. एखादं दुकान हलवावं तसा संघ हलला. कोल्हापुरात पाटाकडील तालीम कोणी उचलून सांगलीला नेऊन दाखवावी. तिथल्या तालमींनीही पैसा पाहिला, संघांतून आफ्रिकन खेळाडू खेळले, चौकाचौकात फ्लेक्स लागले. पण संघ पेठ सोडून जाऊ शकत नाही, कारण तो कोणा एकाचा नाही. बालेवाडीची गर्दी सभ्य होती, पण संघ गेला तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. २०२४ च्या सप्टेंबरात कसबा पेठेला जमिनीखालून मेट्रो आली. भाचा आता नोकरीला लागलाय. परवा म्हणाला, आता गेलो असतो.

आणि बालेवाडीतल्या त्या पहिल्या मॅचला मी काय केलं? पुण्यानं गोल केला तेव्हा उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या. मुलगी म्हणाली, ‘‘अब्बा, ओरडा ना!’’ तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. चार खुर्च्या सोडून आमच्या शाखेचे मोठे खातेदार बसले होते.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरला गेलो. मामूजान नाहीत. मामेबहीण आता साठीकडे झुकली आहे, गुडघे दुखतात. संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो. स्टेडियमवर मॅच होती. मी म्हटलं, ‘‘आपा, उद्या जाऊ या की, मी तिकिटं काढतो.’’

ती म्हणाली, ‘‘एकदा गेलते सुनेबरोबर. हाफटायमाला परत आले. ती भाषा ऐकून पोरगी रडायला आली.’’ तेवढ्यात मैदानाकडून आवाज उठला. मला नुसता गोंगाट वाटला. तिनं हात वर करून मला गप्प केलं, क्षणभर कान दिला आणि म्हणाली, ‘‘आपला न्हाई. त्येंचा.’’