बदलीचा हुकूम आणि शिफारशीची चिठ्ठी
(घोटी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



बँकेत लागलेल्या मुलाची बदली झाली, की आपल्या घरात पहिला प्रश्न निघतो तो असा : ‘तिथे वर आपला कोण आहे?’ या प्रश्नाविषयीच आज आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

नेमणुका, बढत्या व बदल्या पाहणाऱ्यास पूर्वी कार्मिक अधिकारी म्हणत. आता ‘मानव संसाधन व्यवस्थापक’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. पेच मात्र जुनाच. जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७८ साली भरतीसाठी मंडळे आली, २०११ पासून सामायिक परीक्षा सुरू झाली. त्यामुळे दाराशी ओळखीचा प्रभाव बराच ओसरला. परंतु आत गेलेल्यास कोठे पाठवावे, हे अजून माणूसच ठरवितो.

तो कसे ठरवितो? व्रूम व येटन या अभ्यासकांनी १९७३ साली याचा आराखडा मांडला. अधिकारी कधी एकटाच ठरवितो, कधी हाताखालच्यांचे मत घेऊन ठरवितो, कधी सर्वांना एकत्र बसवून एकमत करवितो. कोणती रीत योग्य, हे पुष्कळसे माहिती कोणाजवळ आहे यावर अवलंबून असते.

आपल्या घोटीचेच पाहा. मुलांच्या शाळा बुडू नयेत म्हणून बदल्या बहुधा उन्हाळ्यात होतात. हेतू दयाळू आहे. पण या भाताच्या मुलखात आवणीपूर्वीची पीककर्जाची घाई त्याच सुमारास असते. गावोगावचे शेतकरी ओळखणारा माणूस नेमका तेव्हा उठतो, आणि नवा येतो त्याचा मृग सातबारे समजून घेण्यातच निघून जातो. ही गोष्ट दूरच्या कचेरीतील मेजावर दिसत नाही; शाखेला विचारावे तेव्हाच कळते.

आता चिठ्ठ्यांविषयी. (काहींच्या भुवया चढतील, त्यास इलाज नाही.) आपल्यापैकी कोणी त्या खुर्चीवर बसला, की समाजातून शिफारशी जातात. चिठ्ठी त्यास माहिती देत नाही, नुसता भार देते. मग तो पक्षपाताच्या आरोपास भिऊन नियमाचे पुस्तक पुढे करतो, आणि ज्याची आई खरोखरच अंथरुणास खिळली आहे त्याचा अर्जही त्याच गठ्ठ्यात पडतो.

म्हणून मंडळाने शिफारसपत्रे देणे बंद करावे. सेवकाने स्वतःच्या सहीने, दाखल्यांसह, वेळेवर अर्ज करावा. तो कसा लिहावा हे सांगण्यास आपले निवृत्त बँकसेवक महिन्यातून एक रविवार बसले तरी पुरे. हा ठराव आजच्या सभेपुढे मांडण्याची अनुज्ञा अध्यक्षमहाराजांनी द्यावी.