हसू कोणावर? हॅलोविनच्या रात्री पाहण्याजोगे काही सिनेमे

(आमच्या चित्रपट-गटात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आपल्या गटातल्या तरुण मुलींनी यंदा ३१ ऑक्टोबरला एकत्र सिनेमा पाहायचं ठरवलं आहे. त्या दिवशी हॅलोविन, म्हणून भुताचाच सिनेमा लावायचा असा त्यांचा हट्ट होता. काही जणींनी नाकं मुरडली, "हे अमेरिकेचं खूळ आपल्याला कशाला?" दोघी-तिघी म्हणाल्या, "आम्हांला मग रात्रभर झोप नाही." मी सुचवलं की दिवस तोच ठेवू, मृत्यू आणि मुडदेही असू देत, पण भुताऐवजी काळ्या विनोदाचे सिनेमे पाहू. सुचवलं म्हणून ते समजावून सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

आधी हॅलोविनबद्दल थोडं. हा सण मूळचा अमेरिकेचा नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडे सुगी संपून हिवाळा सुरू होतो त्या रात्री मेलेली माणसं परत येतात असा जुना समज होता. पुढे त्याला ख्रिस्ती सणांची जोड मिळाली. १ नोव्हेंबर संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर सगळ्या मृतांचा. वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती कुटुंबं या दिवसांत कबरी साफ करून फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. आपल्याकडे पितृपंधरवडा आहेच. गेलेल्यांची आठवण काढणं यात परकं काही नाही. परका आहे तो नंतर आलेला बाजार, म्हणजे मुखवटे, चॉकलेटं आणि रक्तबंबाळ सिनेमे.

त्या सिनेमांबद्दल माझी खरी तक्रार आहे. 'हॅलोविन' नावाचाच एक सिनेमा १९७८ साली जॉन कारपेंटर यांनी काढला. त्याच्या सहलेखिका आणि निर्मात्या डेब्रा हिल होत्या. सिनेमाच्या सुरुवातीला सहा वर्षांचा मुलगा आपल्या मोठ्या बहिणीला सुऱ्यानं मारतो. पंधरा वर्षांनी तो वेड्यांच्या इस्पितळातून पळून येतो आणि पुन्हा मुलींच्या मागे लागतो. मित्रांबरोबर मजा करणाऱ्या मुली मरतात आणि अभ्यासू, सरळमार्गी मुलगी वाचते. पुढे या धर्तीचे इतके सिनेमे निघाले की कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी शेवटी वाचणाऱ्या त्या मुलीला 'फायनल गर्ल' असं नावच दिलं. ती लढते, शूर असते, हे क्लोव्हर यांनीही म्हटलं आहे आणि मलाही मान्य आहे. पण हे सिनेमे पाहून घरी जाणाऱ्या मुलीच्या मनात काय उरतं? बाहेर अंधार आहे, अंधारात अनोळखी माणूस आहे, तेव्हा कडी लावून घरात बस आणि नीट वाग.

समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या आपणा साऱ्याजणींना ठाऊक आहे की आपल्याकडे येणाऱ्या बाईचं भय बहुतेक वेळा कडीच्या आतलं असतं. एक बाई मला म्हणाली होती, "ताई, आमच्याकडं भूत-बित काही नाही. एकच येतं, रात्री साडेदहाला, आणि त्याला कडी आपणच काढून द्यावी लागते." एवढं सांगून ती स्वतःच हसली. मीही हसले, आणि मग आम्ही दोघी गप्प झालो. काळा विनोद म्हणजे काय ते मला तिच्या त्या वाक्यावरून नेमकं कळलं. तिनं मार हलका करून सांगितला नव्हता. मारणाऱ्याचा दरारा तेवढा घडीभर उतरवून ठेवला होता.

हॅलोविनची दुसरी खूण म्हणजे चेटकीण. टोकदार टोपी, झाडू, वाकडं नाक. तिकडे तो लहान मुलींचा गमतीचा पोशाख झाला आहे. आपल्याकडे सातपुड्याच्या भागात बाईला डाकीण ठरवून मारझोड करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे आणि जीव घेण्याचेही प्रकार झाले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात हा गुन्हा धरला आहे. म्हणून चेटकिणीचा मुखवटा आपल्याला निव्वळ गंमत म्हणून घालता येत नाही.

आता सिनेमे. प्रत्येक सिनेमाला मी एकच प्रश्न विचारला आहे, हसू कोणावर? मार खाणाऱ्यावर की मारणाऱ्यावर? बाईच्या भोळेपणावर की तिला भोळी समजणाऱ्यांवर? शेवट सांगितल्याशिवाय हे बोलता येणार नाही, तेव्हा रागावू नका.

पहिला आहे 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'. फ्रँक काप्रा यांचा हा सिनेमा १९४१ साली तयार झाला, पण मूळ नाटक रंगभूमीवर चालू असेपर्यंत दाखवायचा नाही असा करार होता, म्हणून तो १९४४ साली पडद्यावर आला. कथा हॅलोविनच्याच दिवशी ब्रुकलिनमध्ये घडते. ॲबी आणि मार्था या दोन म्हाताऱ्या बहिणी साऱ्या मोहल्ल्याच्या लाडक्या. आजाऱ्याला सूप पाठवणार, मुलांसाठी पोलिसांकडे खेळणी देणार. त्यांचा पुतण्या मॉर्टिमर (केरी ग्रँट) लग्नाची बातमी सांगायला येतो आणि खिडकीखालच्या बाकाच्या पेटीत त्याला मुडदा सापडतो. एकट्या, निराधार म्हाताऱ्यांना एल्डरबेरीच्या वाइनमधून विष पाजून 'सोडवणं' हा या आत्यांचा दानधर्म असतो! असे बारा झाले आहेत. मग त्यांचा दुसरा पुतण्या येतो. तो खराखुरा खुनी, चेहऱ्यावर व्रण, पाहताच अंगावर काटा यावा असा. त्याचेही बाराच झालेले. घरंदाज आत्या आणि अट्टल गुन्हेगार बरोबरीत! शेवटी तळघरात मुडदे आहेत हे पोलिसांना सांगितलं तरी त्यांना ते खरं वाटत नाही.

इथे हसू म्हाताऱ्यांवर नाही, घरंदाजपणावर आहे. 'चांगल्या घरात असं होत नाही' हे वाक्य आपण किती पोलीस ठाण्यांत ऐकलं आहे! शिवाय 'तुझ्या भल्यासाठीच' म्हणून दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय घेणाऱ्या प्रेमळ माणसांची जातही आपल्या ओळखीची आहे. त्यात बायकाही असतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरा 'द लेडीकिलर्स', १९५५ चा इंग्रजी सिनेमा, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. लंडनमध्ये रेल्वेच्या रुळांलगत एका तिरक्या झालेल्या घरात मिसेस विल्बरफोर्स नावाची विधवा एकटी राहते. एक प्रोफेसर तिची खोली भाड्यानं घेतो. चार मित्र जमवून वाद्यं वाजवण्याचा सराव करतो असं भासवतो, पण ही दरोडेखोरांची टोळी असते. लुटीचा पैसा तिच्याच हातून हलवला जातो. तिला ते कळतं तेव्हा तिला मारायचं ठरतं, पण पाचांपैकी एकाच्यानंही ते होत नाही. काड्या काढून पाळी ठरवतात आणि शेवटी आपसांतच एकमेकांचे जीव घेतात. बाई पोलीस ठाण्यात जाऊन सगळं खरं खरं सांगते. पण ती आधीही काहीबाही सांगायला यायची, म्हणून साहेब हसून म्हणतात, पैसे तुम्हीच ठेवा. म्हातारीची फिर्याद कोणी मनावर घेत नाही, म्हणून सगळी लूट तिच्या पदरात पडते. ही भूमिका करणाऱ्या केटी जॉन्सन तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या आणि त्यांना ब्रिटिश अकादमीचं उत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. ठाण्यात आपली तक्रार लिहून घेतली नाही म्हणून रडलेल्या प्रत्येकीनं हा सिनेमा पाहावा. प्रश्न सुटणार नाही, पण सूड उगवल्यासारखं वाटेल.

तिसरा 'नाइन टु फाइव्ह', १९८०. जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि डॉली पार्टन. बॉस्टनमध्ये १९७३ साली कचेऱ्यांत काम करणाऱ्या बायकांनी याच नावाची संघटना काढली होती, तिच्यावरून हा सिनेमा सुचला. साहेब एकीच्या कल्पना स्वतःच्या नावावर खपवतो. दुसरीच्या अंगचटीला जातो आणि वर तिच्याशी आपले संबंध आहेत अशी अफवा पसरवतो, त्यामुळे कचेरीतल्या बायकाच तिला वाळीत टाकतात. एकदा चुकून त्याच्या कॉफीत कृत्रिम साखरेऐवजी उंदराचं औषध पडतं. मग इस्पितळातून भलताच मुडदा पळवणं, साहेबाला त्याच्याच घरात डांबून ठेवणं, असा सगळा गोंधळ.

पण खरी गंमत पुढे आहे. साहेब घरात कोंडलेला असताना त्याच्या सहीनं या तिघी कचेरी चालवतात. कामाच्या वेळा सोयीच्या होतात, पाळणाघर निघतं, अर्धवेळ काम मिळतं, समान पगार सुरू होतो आणि काम वाढतं. वरिष्ठ खूश होऊन सगळं श्रेय साहेबाला देतात. सुधारणा राहू द्या म्हणतात, फक्त ते समान पगाराचं तेवढं काढा! इतकं नेमकं वाक्य मी भाषणांत फार कमी वेळा ऐकलं आहे. विशाखा निकाल १९९७ चा, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला कायदा २०१३ चा. त्याच्या कितीतरी आधी हा सिनेमा हसत हसत ते सगळं बोलून गेला.

चौथा सिनेमा वाद घालण्यासाठी निवडला आहे. 'डेथ बिकम्स हर', १९९२. मेरिल स्ट्रीप आणि गोल्डी हॉन या एका पुरुषावरून भांडणाऱ्या दोघी. चिरतारुण्याचं औषध पितात. मग एकीची मान मोडते, दुसरीच्या पोटाला गोळीनं आरपार भोक पडतं, पण मरण काही येत नाही. मेलेल्या शरीराला रंग लावत जगायचं. त्याच्या करामतींना ऑस्कर मिळालं आणि हसूही खूप येतं. पण आपला प्रश्न विचारा. हसू कोणावर? या दोघींवर. औषध नाकारणारा नवरा शहाणा ठरतो, नवी बायको आणि मुलंबाळं करून सुखानं म्हातारा होतो. बाईनं म्हातारं दिसू नये असं ठरवणाऱ्या सिनेमाधंद्याला मात्र फारसा चिमटा नाही. याच विषयावर २०२४ साली कोराली फारज्या या दिग्दर्शिकेनं 'द सब्स्टन्स' काढला. त्यात तो चिमटा पुरेपूर आहे, पण तो इतका किळसवाणा आणि रक्ताळलेला आहे की मुलींच्या रात्रीसाठी मी तो सुचवणार नाही.

पाचवा आपल्या भायखळ्याचा, 'डार्लिंग्ज', २०२२, दिग्दर्शिका जसमीत रीन. बद्रू (आलिया भट) आणि तिचा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला नवरा हमजा. कचेरीत साहेब त्याला संडास साफ करायला लावतो आणि घरी येऊन तो दारू पिऊन बद्रूला मारतो. सकाळी गोड बोलतो. मूल झालं की सुधारेल, दारू सुटली की सुधारेल, ही बद्रूची आशा. फिर्याद होते आणि ती मागे घेते. आपल्या नोंदवहीतली पानंच! दारू सुटते, मार सुटत नाही, आणि त्या मारानं तिच्या पोटातलं मूल जातं. मग ती आणि तिची आई शमशू (शेफाली शाह) त्याला घरात बांधून ठेवतात आणि त्याचा मार त्याला परत करतात.

यावर तेव्हा समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक दिली गेली, पुरुषांवरच्या हिंसेची भलामण केली म्हणून. आक्षेप टाळून पुढे जाऊ नये. मार खाल्लेल्या बाया आपल्या खोलीत बसलेल्या असताना आपण मारावर हसायचं का? मला वाटतं, सिनेमा पहिल्या भागातल्या मारावर एकदाही हसवत नाही, तिथे आपला श्वास अडकतो. हसू येतं ते मायलेकींच्या बोलण्यावर, त्यांच्या फसलेल्या बेतांवर, शेजाऱ्यांच्या कानाडोळ्यावर. आणि शेवटी रुळांवर बद्रू त्याला मारायचं नाकारते. मारला तर तो जन्मभर आपल्या मानगुटीवर बसेल, हे तिला उमगतं. ती त्याला सोडते. मग गाडी येते, तो भाग वेगळा. ही गाडी सिनेमावाल्यांनी आणली, खऱ्या घरांत ती येत नाही. तिथे संरक्षण आदेश, आसरा, पगाराची नोकरी आणि पाठीशी उभी राहणारी आई लागते. हे त्या रात्री मुलींना सांगितलंच पाहिजे.

वेळ उरला तर २०१८ चा 'स्त्री' पाहा. चंदेरीत जत्रेच्या दिवसांत बाईचं भूत पुरुषांना उचलून नेतं, म्हणून पुरुष अंधार पडायच्या आत घरी येतात, एकटे बाहेर पडायला घाबरतात. आपल्याला रोजचे असलेले नियम पुरुषांना लावले की ते किती हास्यास्पद दिसतात!

माझी सूचना अशी. लहान मुली असतील तर आधी 'लेडीकिलर्स'. नोकरी करणाऱ्या जमल्या तर 'नाइन टु फाइव्ह'. 'डार्लिंग्ज' मात्र नुसता लावून देऊ नका. आधी दोन शब्द सांगा, ज्यांना मध्येच उठून जावंसं वाटेल त्यांना जाऊ द्या, त्यांच्याबरोबर एक जण बाहेर बसा, आणि संपल्यावर लगेच दिवे लावून घरी पाठवू नका. चहा ठेवा. प्रत्येकीला एवढंच विचारा, तू कुठे हसलीस आणि कुठे हसू आलं नाही? खरी चर्चा तिथून सुरू होईल.

मी बोलायचं थांबते. आता 'डेथ बिकम्स हर'वर माझ्याशी भांडायला कोण तयार आहे, त्यांनी पुढे यावं.