घरपट्टी कोण भरतं आणि घर कोणाच्या नावावर?

मार्च जवळ आला की घरपट्टी-पाणीपट्टी भरा म्हणून गाडी फिरायला लागते. परवा गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, घरपट्टी भरायला कोण जातं? निम्म्याहून जास्त हात वर. दुधाच्या पैशातून, शेळी विकून, बायाच भरतात. मग विचारलं, पावतीवर नाव कोणाचं? हात खाली.

आमच्या एक ताई नऊ वर्षं एकट्या संसार ओढतात. पट्टी एकदाही थकवली नाही. पण पावती अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे वारून बारा वर्षं झाली. घर दुरुस्तीच्या कर्जासाठी उतारा मागितला तेव्हा हे उघडं पडलं. आता वारसनोंद करायची तर दीर-नणंदांची नावंही येणार. सगळ्या पावत्या जपून ठेवल्यात हो, पण पावतीने घर नावावर होत नाही.

ग्रामपंचायतीत घराची नोंद असते ती नमुना 8 मध्ये. तलाठ्याकडचा आठ-अ तो नव्हे, तो जमिनीचा. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. तरी घरकुल, वीज मीटर, कर्ज, कुठंही गेलं तरी आधी तोच उतारा मागतात.

त्यात नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं. ग्रामविकास विभागाचं 20 नोव्हेंबर 2003 चं परिपत्रकच तसं आहे. एवढी वर्षं झाली, तरी आपल्यातल्या किती जणींना माहीत होतं? नवऱ्याच्या सहीचा अर्ज ग्रामसेवकाकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. घरात कुरकुर झाली तर सांगा, तुमचं नाव कमी होत नाही, शेजारी एक वाढतंय. हे काम दोघं धडधाकट असताना करायचं. मागाहून वारसांच्या सह्या गोळा करताना काय होतं ते त्या ताईंना विचारा.

उतारा हातात आला की नावाखालचंही वाचा. लांबी-रुंदी टेपने मोजून ताडा. बांधकाम मातीचं, दगड-विटांचं की स्लॅबचं, यावर आकारणी ठरते. पत्र्याच्या घराला स्लॅब लिहिलं असेल तर दरवर्षी जादा पैसे जातात. पारनेर शहरातल्या बहिणींनो, तुमची नोंद आता नगरपंचायतीत. नवी आकारणी झाली की यादी लावतात आणि हरकतीला मुदत देतात. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, काउंटरवर नुसतं भांडून आकडा बदलत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरपट्टीची शेवटची पावती आणा. अर्जाचे कोरे कागद मी आणते.